इनबॉक्समधला कचरा आणि त्यात बुडणारा कामाचा मेल

बारावीचा निकाल, नीट आणि सीईटीचे दिवस आले की लातूर-नांदेडकडच्या पोरांचे इनबॉक्स तुंबायला लागतात. कुठल्यातरी 'मोफत करिअर मार्गदर्शन' फॉर्मवर पत्ता टाकलेला असतो. पंधरा दिवसांत खासगी विद्यापीठं, कोचिंगवाले, परदेशी शिक्षणाचे सल्लागार सगळे दारात. त्याच गर्दीत शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी कळवणारा एक साधासा मेल येतो आणि मुदत संपली तरी तो कोणी उघडत नाही. कचऱ्याचा खरा तोटा इथे होतो. त्यामुळे इनबॉक्स चकाचक करायच्या नादी लागू नका. कामाचा मेल नजरेला पडला पाहिजे, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट आहे.

पुढची कृती जीमेल धरून सांगितली आहे, कारण अँड्रॉइड फोन घेतला की बहुतेकांचं खातं तिथेच उघडलं जातं. बटणांची नावं इंग्रजी मांडणीतली आहेत. याहू किंवा आउटलुकमध्ये नावं थोडी वेगळी असतील, रीत तीच.

आधी कचरा वेगळा करा

सगळ्या नकोशा मेलवर एकच औषध चालत नाही. घोळ होतो तो इथेच.

पहिला प्रकार म्हणजे ओळखीच्या कंपनीची जाहिरात. तुम्ही तिथून कधीतरी कपडे घेतले, तिकीट काढलं, नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकला. हे मेल कंटाळवाणे असतात, पण पाठवणारा खरा असतो. यांना 'अनसबस्क्राइब' करायचं, म्हणजे त्यांच्या यादीतून आपलं नाव काढायचं.

दुसरा प्रकार अनोळखी फेरीवाल्याचा. वेबसाइट बनवून देतो, कर्ज देतो, गुगलवर पहिल्या पानावर आणतो, पाच लाख लोकांचा डेटा विकतो. त्याला तुमचा पत्ता कुठून मिळाला ते तुम्हाला माहीत नाही. इथे अनसबस्क्राइबला हात लावायचा नाही. त्या लिंकवर बोट ठेवलं की 'हा पत्ता चालू आहे, इथे माणूस आहे' हे त्याला कळतं आणि यादीत तुमचा भाव वाढतो. सरळ 'रिपोर्ट स्पॅम'.

तिसरा प्रकार फसवणुकीचा: बँकेच्या, आयकर खात्याच्या, कुरिअरच्या नावाने येणारा. याचं पुढे सविस्तर बघू.

चौथा गमतीचा आहे. मेल खरा, कंपनी खरी, पण ग्राहक दुसराच. आपल्याकडे जाधव, शिंदे, पवार, देशमुख एवढे की कोणीतरी अंदाजाने तुमचाच पत्ता स्वतःचा म्हणून लिहून देतो आणि त्याच्या विम्याचे हप्ते तुम्हाला दिसत राहतात. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही. नावामध्ये टिंब असो वा नसो, खातं एकच. म्हणजे 'टिंबवाला पत्ता दुसऱ्याचा असेल' ही समजूत चुकीची, त्या माणसाने पत्ताच चुकीचा दिला आहे. अशा मेलमधलं 'व्हेरिफाय' बटण दाबू नका, नाहीतर त्याचं खातं तुमच्या पत्त्याला कायमचं चिकटेल. 'हे खातं माझं नाही' अशी लिंक असेल तर ती वापरा. नसेल तर फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, लावा. त्याची कृती पुढे आहे.

अनसबस्क्राइब करूनही मेल का येत राहतात

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याने एका टिचकीत नाव काढायची सोय दिली पाहिजे, आणि विनंती आल्यावर दोन दिवसांत ती अमलात आणली पाहिजे. यामुळे खऱ्या कंपन्यांच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच जीमेलचं स्वतःचं 'अनसबस्क्राइब' बटण दिसतं. फोनवर ते वरच्या तीन टिंबांत सापडतं. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवलेल्या लिंकपेक्षा हेच वापरा. इथे जीमेल तुमच्या वतीने विनंती पाठवतं. काही वेळा मात्र तेही तुम्हाला कंपनीच्या पानावर नेऊन सोडतं. तिथे पासवर्ड मागितला तर परत फिरा.

एकेक मेल शोधत बसायची गरज नाही. डावीकडच्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं पान २०२५ च्या मध्यापासून मिळू लागलं आहे. कोण किती मेल पाठवतो, त्या क्रमाने तिथे यादी लागते. वरच्या दहांचा निकाल लावला तरी रोजची गर्दी चांगलीच हलकी होते. उरलेल्यांसाठी जीव काढू नका.

तरी मेल येत राहिले तर कारणं साधारण ठरलेली असतात. एकाच कंपनीच्या दोन-तीन याद्या असतात, ऑफरची वेगळी आणि बातमीपत्राची वेगळी. तुम्ही एकीतूनच निघालेले असता. किंवा कंपनी एक, पण पाठवायचे पत्ते चार. किंवा विनंती करण्याआधीच रांगेत लागलेले मेल अजून सुटत असतात. आठवडाभर थांबा. त्यानंतरही आला तर बेधडक स्पॅम म्हणून नोंदवा. गुगल पाठवणाऱ्यांना सांगतं की स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, त्यामुळे तुमची ती एक टिचकी वाया जात नाही.

डिलीट, ब्लॉक, रिपोर्ट

डिलीट केल्याने मेल जातो, पण जीमेल काही शिकत नाही. उद्या तसाच दुसरा येतो. रोज सकाळी चहा घेता घेता वीस मेल डिलीट करणारा माणूस वर्षानुवर्षं तेच करत राहतो, कारण त्याने एकदाही 'हा कचरा आहे' असं यंत्राला सांगितलेलं नसतं.

ब्लॉक केल्यावर त्या पत्त्याचे पुढचे मेल स्पॅममध्ये जातात. एकाच पत्त्यावरून पिच्छा पुरवणाऱ्यासाठी हे ठीक आहे. फसवणारे रोज पत्ता बदलतात. तिथे ब्लॉक म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

रिपोर्ट स्पॅममुळे पत्त्यासोबत मजकुराची ठेवण, लिंका, पाठवणारा सर्व्हर हे सगळं नोंदलं जातं. मात्र रागाच्या भरात बँकेचा किंवा वीजबिलाचा मेल स्पॅममध्ये ढकलू नका. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट, कदाचित ओटीपीसुद्धा, तिकडेच जाऊन पडेल. नोंदवताना जीमेल 'अनसबस्क्राइब पण करू का' असं विचारतं. ओळखीच्या कंपनीला हो म्हणा, अनोळख्याला फक्त रिपोर्ट.

स्पॅमच्या कप्प्यातला माल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतो. म्हणून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, तिथे नजर टाकायची. कामाचा मेल सापडला की नुसता वाचून सोडायचा नाही. 'नॉट स्पॅम' दाबून बाहेर काढायचा आणि तो पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घालायचा. आणि स्पॅममधल्या लिंका तिथे बसून उघडायच्या नाहीत. हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

फिल्टर: एकदाच अर्धा तास

खरा आराम फिल्टरने मिळतो. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, कॉम्प्युटर लागतो. घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा गावातल्या नेट कॅफेत बसा, पण ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडून. उठताना लॉगआउट करायचं, आणि पासवर्ड 'सेव्ह करू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं.

१. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह असतं, ते दाबा. एक फॉर्म उघडेल.

२. 'फ्रॉम' मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता लिहा. पूर्ण पत्त्याऐवजी ॲटच्या पुढचा भागच लिहिला तर त्या कंपनीचे सगळे पत्ते एका झटक्यात सापडतात. दोन कंपन्या एकत्र घ्यायच्या असतील तर मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑर' लिहा.

३. आधी 'सर्च' दाबून काय काय सापडतं ते बघा. ही पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात.

४. परत तोच फॉर्म उघडून 'क्रिएट फिल्टर' दाबा.

५. 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' या दोन चौकटींवर खूण करा. लेबलला 'जाहिरात' असं नाव द्या. जुन्या मेललाही हेच लागू करायचं असेल तर 'ऑल्सो अप्लाय' ची खूण करा.

पहिल्याच दिवशी 'डिलीट इट' निवडू नका. एखाद्याने 'ऑफर' हा शब्द असलेले सगळे मेल डिलीट असा फिल्टर लावला, की दिवाळीच्या ऑफर जातात आणि त्यांच्याबरोबर नोकरीचं ऑफर लेटरही जातं. नुसत्या शब्दावर फिल्टर लावणं म्हणजे तणनाशक मारताना सोयाबीन कुठलं आणि गवत कुठलं हे न बघणं. पत्त्यावर लावा, पंधरा दिवस लेबलात काय जमतंय ते तपासा, मग वाटलं तर डिलीटवर न्या.

उलटा फिल्टर तर त्याहून मोलाचा. 'फ्रॉम' मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साइटचा शेवट, म्हणजे 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' लिहा. तुमचं विद्यापीठ, बँक, परीक्षा मंडळ यांचेही पत्ते घाला. मग 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'स्टार इट' वर खूण करा. फोनच्या ॲपमध्ये 'स्टार्ड' उघडलं की कामाचे तेवढे मेल एका जागी. पत्ते आठवणीने लिहू नका, आधी आलेल्या खऱ्या मेलवरून उतरवून घ्या.

डबा भरला तर

फुकटचं गुगल खातं १५ जीबीचं. त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो हे तिघं वाटेकरी. लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप यांनीच जागा खाल्लेली असते, पण फटका मेलला बसतो: जागा संपली की नवे मेल घेणं बंद होतं आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. तुम्हाला पत्ताही लागत नाही की काही आलं होतं.

कॉम्प्युटरवर 'प्रमोशन्स' टॅब उघडा, वरच्या चौकटीत खूण करा. पानावरचे ५० मेल निवडले जातात आणि वर एक ओळ येते, 'सगळी संभाषणं निवडा' अशा अर्थाची. ती दाबली तरच हजारो मेल एकदम निवडले जातात. ती ओळ नजरेतून सुटते म्हणून लोक पन्नास-पन्नास करत रात्र काढतात. सगळं उडवण्याआधी एकदा 'तिकीट', 'पॉलिसी', 'इन्व्हॉइस' हे शब्द इंग्रजीत शोधून कामाचे मेल बाहेर काढा, कारण जीमेल कधीकधी ते प्रमोशन्समध्ये टाकतं. मग शोधाच्या फॉर्ममध्ये 'साइज' १० एमबीच्या वर टाकून जड मेल वेगळे बघा. शेवटी 'ट्रॅश' मध्ये जाऊन 'एम्प्टी ट्रॅश नाऊ'. नाहीतर ते ३० दिवस तिथेच पडून जागा अडवतात आणि 'एवढं काढलं तरी भरलेलंच दाखवतंय' अशी तक्रार होते.

पत्ता देताना

कचरा मुळात येतो कुठून? जिथे जिथे पत्ता दिला तिथून. म्हणून दोन पत्ते ठेवा. एक कामाचा: बँक, आधार, डिजिलॉकर, परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज. तो दुकानात, लकी ड्रॉमध्ये, मॉलच्या वायफायला, ॲपच्या खेळाला द्यायचा नाही. दुसरा पत्ता बाजाराचा. तो बिनधास्त वाटा. दोन्ही खाती एकाच जीमेल ॲपमध्ये राहतात; सेटिंग्जमध्ये दुसऱ्या खात्याच्या सूचना 'नन' करून टाका, म्हणजे फोन वाजला की तो कामाचाच.

दुसरं खातं नको असेल तर अधिकचं चिन्ह वापरता येतं. पत्त्यातल्या नावानंतर, ॲटच्या आधी, अधिक चिन्ह टाकून कुठलाही शब्द लिहा, उदाहरणार्थ 'कोचिंग'. मेल तुमच्याच इनबॉक्सला येतो, पण 'टू' च्या जागी तो शब्द दिसतो. पुढे त्याच शब्दावर कर्जवाल्याचा मेल आला तर पत्ता कोणी विकला हे उघड. आणि 'टू' वर फिल्टर लावून अख्खी वाट बंद करता येते. काही साइट अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे दुसरा पत्ता.

आता आपल्याकडचा खास घोळ. सेवा केंद्रात पीकविम्याचा, शिष्यवृत्तीचा किंवा कुठला अर्ज भरताना 'ई-मेल' ची चौकट रिकामी राहू नये म्हणून ऑपरेटर स्वतःचा पत्ता टाकतो. नाहीतर तिथल्या तिथे नवं खातं काढतो आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. गर्दी असते, वाईट हेतू असेलच असं नाही. पण तुमच्या अर्जाची सूचना त्याच्याकडे जाते आणि चारशे लोकांच्या मेलमध्ये गडप होते. केंद्रावर जाताना पत्ता स्पष्ट इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीवर लिहून न्या. पावती हातात आल्यावर त्यावरचा पत्ता एकेक अक्षर ताडून बघा. शून्य आणि ओ, एक आणि एल इथे चुका होतात. खातं त्याने काढून दिलं असेल तर घरी येऊन पासवर्ड बदला आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना ते तपासा.

'कंटिन्यू विथ गुगल' ने ज्या ॲपांत शिरलात त्यांची यादी गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात मिळते. न वापरलेली ॲप तिथून काढून टाका.

मेल उघडल्याचंही कळतं

जाहिरातीच्या मेलमध्ये बऱ्याचदा एक न दिसणारं, टिंबाएवढं चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि कोणत्या ग्राहकाने किती वाजता उघडलं याची नोंद होते. जीमेल चित्रं स्वतःमार्फत आणून देतं, त्यामुळे तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, लपतो, पण उघडल्याची खबर जाऊ शकते. सेटिंग्जमध्ये 'इमेजेस' समोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा. मेल थोडे उघडेबोडके दिसतील. गावाकडे जिथे रेंज रडतखडत येते तिथे हा फायदाच आहे.

फसवणुकीचा मेल हातात घेऊन बघू

समजा, 'तुमचा आयकर परतावा मंजूर झाला आहे, २४ तासांत खातं पडताळा' असा मेल आला. नाव दिसतं 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट'. हे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, ती फक्त पाटी आहे. नावावर टिचकी मारून मागचा पत्ता उघडा. परताव्याबद्दलचे खात्याचे खरे मेल 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' ने संपणाऱ्या पत्त्यावरून येतात.

मग लिंक. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर धरला की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर बोट दाबून धरावं लागतं, आणि त्यात चुकून उघडायची भीती असते. पत्ता वाचायचा उलटा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिथून मागे या. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-स्टेटस डॉट टॉप' यात सरकारी नाव पुढे दिमाखात उभं आहे, पण मालक शेवटचा: 'रिफंड-स्टेटस डॉट टॉप'. रस्त्यावरच्या कोणीही विकत घ्यावं असं नाव.

आणि मुळात परतावा पोर्टलवर आधी पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. तो मिळवायला कार्डचा नंबर किंवा पिन कोणी मागत नाही.

बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' ने संपणाऱ्या नावांवर जायला सांगितलं होतं. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे लिंक तपासायला हा चांगला आधार झाला. तरी सवय अशी लावा की मेलमधून बँकेत जायचंच नाही. ॲप आपण उघडायचं, तिथे खरंच काही सूचना आहे का ते बघायचं.

जोडलेल्या फाइलींत एपीके आणि एचटीएमएल या दोन दिसल्या की तिथेच थांबा. एपीके म्हणजे फोनमध्ये ॲप घालणं. एचटीएमएल उघडली की हुबेहूब लॉगिनचं पान समोर येतं आणि टाकलेला पासवर्ड पलीकडे जातो. पासवर्ड लावलेली झिप फाइल, आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल तर तीही संशयाचीच. विषाणू तपासणीला चकवण्यासाठी ती युक्ती आहे.

ज्यांना खोलात जायचं त्यांनी कॉम्प्युटरवर तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडावं. वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे ॲटच्या पुढच्या नावावरून, आला का याच्या या तपासण्या. सरकारी किंवा बँकेच्या नावाचा मेल आणि तिथे 'फेल', तर मोठा संशय. पण तिन्हींसमोर 'पास' असणं म्हणजे पाठवणारा सज्जन असं नाही. मेल त्याच डोमेनवरून आला एवढंच त्यातून कळतं, आणि चोरही स्वतःचं डोमेन रीतसर विकत घेतो.

'तुमच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढला आहे, बिटकॉइन पाठवा' असा धमकीचा मेल आला आणि त्यात तुमचा जुना पासवर्ड लिहिलेला असला तर माणूस घाबरतो. तो पासवर्ड बहुधा कुठल्यातरी साइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो, आणि तोच मजकूर हजारोंना गेलेला असतो. 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर आपला पत्ता अशा याद्यांत आहे का ते फुकट बघता येतं. पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही. तो पासवर्ड जिथे जिथे अजून चालू आहे तिथे बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, लावा.

एक प्रकार मात्र गाफील राहण्यासारखा नाही. तासाभरात अचानक शेकडो नोंदणीचे, स्वागताचे मेल कोसळायला लागले तर ते साफ करत बसू नका. बहुतेकदा त्या ढिगाखाली एक मेल दडवायचा असतो: तुमच्या कार्डवरून झालेल्या खरेदीचा किंवा पासवर्ड बदलल्याचा. आधी बँकेचं ॲप उघडा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' तपासा. खात्यात शिरलेला माणूस तुमचे मेल गुपचूप स्वतःकडे वळवण्याची सोय तिथेच करून ठेवतो, आणि नुसता पासवर्ड बदलून ती बंद होत नाही.

कारखानदार, दुकानदार, प्राध्यापक

वाळूजच्या शेडमध्ये किंवा जालन्याच्या बियाणं-स्टीलच्या धंद्यात मालकाचा वैयक्तिक पत्ताच वेबसाइटवर टाकलेला असतो. पत्ते वेचणारी यंत्रं दिवसरात्र अशी पानं चाळतात. वेबसाइटवर 'इन्फो' किंवा 'सेल्स' नावाचा पत्ता द्या, नाहीतर संपर्काचा फॉर्म. स्वतःचं डोमेन असेल तर होस्टिंगमधला 'कॅच-ऑल' बंद ठेवा. तो चालू असला की कोणत्याही काल्पनिक नावाने पाठवलेला कचरा तुमच्या दारी येतो. एसपीएफ, डीकिम, डीमार्क लावून घ्या. डीमार्क आधी 'नन' (नुसतं बघणं) वर ठेवून महिनाभर अहवाल बघायचे, मग 'क्वारंटाइन' (तपासणीत नापास मेल स्पॅममध्ये), मग 'रिजेक्ट' (थेट नाकारणं). थेट रिजेक्टवर उडी मारली तर तुमचीच बिलं ग्राहकाकडे पोचायची थांबतात.

पुरवठादाराच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल आला तर जुन्या, आधीपासून सेव्ह केलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि उद्यम नोंदणीसाठी पैसे मागणारे मेल सरळ कचऱ्यात; ती नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे.

संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांतल्या संशोधकांना वेगळाच प्रसाद मिळतो: 'आदरणीय डॉक्टर, तुमचा अप्रतिम लेख वाचला, तीन दिवसांत छापतो'. पीएचडी अजून व्हायची असते, तरी डॉक्टर. विषय कुठलाही चालतो, शुल्क आधी, परीक्षण नावाला. हे पत्ते छापून आलेल्या शोधनिबंधांतून उचललेले असतात, त्यामुळे पुरते थांबत नाहीत. 'कॉल फॉर पेपर्स' वर इनबॉक्स टाळणारा फिल्टर लावा आणि आपल्या मार्गदर्शकांचे, खऱ्या नियतकालिकांचे पत्ते 'डझन्ट हॅव' च्या चौकटीत घालून वगळा.

कॅलेंडर

मेल आवरला तरी फोनवर 'तुम्ही आयफोन जिंकलात' असं आमंत्रण वाजू शकतं. ते कॅलेंडरमधून येतं. कॉम्प्युटरवर गुगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' समोर फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्यांचा पर्याय निवडा. आलेल्या आमंत्रणाला 'नो' म्हणू नका, तेही उत्तरच झालं. स्पॅम म्हणून नोंदवा.

तक्रार कुठे

१९०९ वर डीएनडी लावलं की मेल थांबतील असं अनेकांना वाटतं. डीएनडी कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलशी त्याचा संबंध नाही. नुसत्या जाहिरातीच्या मेलसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर भरवसा बटणांवरच.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवायची शक्यता जास्त. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. आयकराच्या नावाचा खोटा मेल 'वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' ला पुढे पाठवा आणि प्रत 'इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन' ला. हे पत्ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचे. इतर फसव्या मेलसाठी कॉम्प्युटरवरच्या तीन टिंबांत 'रिपोर्ट फिशिंग' आहे.

तक्रारीला जाताना नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका. मेल कोणत्या सर्व्हरवरून आला ते त्याच्या अदृश्य मथळ्यात असतं, चित्रात ते येत नाही. तीन टिंबांतून 'डाउनलोड मेसेज' केल्यावर ईएमएल नावाची फाइल मिळते, ती जपून ठेवा. आणि तक्रारीचं काम संपेपर्यंत मूळ मेल डिलीट करू नका. स्पॅममध्ये असेल तर ३० दिवस भरायच्या आत ही फाइल उतरवून घ्या.